‘तुमच्या घरातलं माणूस गेलं असतं तर…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमदार-खासदाराचं निधन झालं की लगेच ‘निवडणूक बिनविरोध करा’ अशी जी हाक सुरू होते ती मला मान्य नाही, जागा रिकामी झाली म्हणजे ती मतदारांकडे परत आली, आणि मतदारांना मत द्यायला मिळालंच पाहिजे. त्यावर ‘एक सांगलीकर’ या नावाने प्रतिक्रिया आलीये. सगळ्यांना वाचायला मिळावी म्हणून आधी ती देते:

“ताई, तुमचा अभ्यास टीव्हीपुरता दिसतो. पलूस-कडेगावला मतदान झालंच नव्हतं एवढं साधं माहिती नाही आणि चालल्या लेख लिहायला. पोटनिवडणुकीवर सरकारचे किती पैसे जातात याचा विचार केलात का? भाजपने अंधेरीत मोठेपणा दाखवला, त्याची परतफेड कसब्यात काय झाली? दिवंगत नेत्याच्या घरच्यांविरुद्ध उमेदवार न देणं ही महाराष्ट्राची संस्कृती आहे, तुमच्यासारख्यांना ती कळणार नाही. तुमच्या घरातलं माणूस पदावर असताना गेलं असतं तर असं लिहायला हात धजावला नसता.”

दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून बसलेय लिहायला.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. पलूस-कडेगाव माझ्याकडून चुकलं. तिथले आमदार पतंगराव कदम २०१८ च्या मार्चमध्ये गेले, पोटनिवडणुकीत भाजपच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि त्यांचा मुलगा विश्वजित कदम बिनविरोध निवडून आले. मी ते नाव ‘मतदान झालं’ या यादीत टाकलं, ते चूकच. दुरुस्ती केलीये. पण सांगलीकर, चूक दाखवायची एक पद्धत असते. ‘ताई, ही नोंद चुकली आहे’ एवढं लिहिलं असतं तरी मी त्याच मिनिटाला बदललं असतं आणि तुमचे आभार मानले असते. ‘चालल्या लेख लिहायला’ ही भाषा तुम्ही तुमच्या गावात समोरासमोर एखाद्या बाईशी बोलताना वापराल का? वाक्याच्या सुरुवातीला ताई म्हणायचं आणि पुढे असं बोलायचं, याला मान देणं म्हणत नाहीत. मी एकोणतीस वर्षं शिक्षिका होते, विधानसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत कितीतरी निवडणुकांची ड्युटी केलीये, आदल्या दिवशी साहित्य घेऊन एसटीने केंद्रावर जायचं, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपायचं, पहाटे पाचला उठून उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान घ्यायचं, संध्याकाळी मशीन सील करून परत द्यायला रात्रीचे अकरा-बारा. टीव्ही त्या दिवशी आम्हाला बघायलाही मिळत नाही. त्यामुळे ‘टीव्हीपुरता अभ्यास’ तेवढा मागे घ्या.

आता संस्कृती. ही संस्कृती नक्की कोणती ते मला सांगा, कारण मला ती दर वेळी वेगळी दिसते. ११ एप्रिल २०१५, एकाच दिवशी दोन पोटनिवडणुका. तासगाव-कवठेमहांकाळला आर. आर. आबांच्या जागी त्यांच्या पत्नी सुमनताई उभ्या होत्या, मोठ्या पक्षांनी उमेदवार दिला नाही, ताई १,१२,९६३ मतांनी आल्या. त्याच दिवशी वांद्रे पूर्वला दिवंगत आमदार बाळा सावंतांच्या पत्नी तृप्ती सावंत उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर काँग्रेसने कोण दिलं होतं? नारायण राणे, माजी मुख्यमंत्री. म्हणजे एकाच राज्यात एकाच दिवशी एका ठिकाणी संस्कृती होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती? आणि तृप्ती सावंत जिंकल्या की! १९,००८ मतांनी, माजी मुख्यमंत्र्याला पाडून. त्या विजयाला कोणी ‘दिलेली जागा’ म्हणू शकत नाही, तो त्यांचा स्वतःचा. मला विचाराल तर जास्त मान कोणाचा राहिला हे स्पष्ट आहे, आणि यात सुमनताईंचा अनादर नाही, आबांबद्दल आमच्या घरात काय भावना होती हे मला माहिती आहे.

२०१८ ला पालघरला चिंतामण वनगांच्या जागी त्यांचा मुलगा शिवसेनेकडून उभा राहिला आणि वनगा ज्या पक्षाचे खासदार होते त्या भाजपनेच समोर राजेंद्र गावित दिले, गावित २९,५७२ मतांनी आले. २०२१ ला पंढरपूरला दिवंगत आमदार भारतनाना भालकेंचा मुलगा भगीरथ, समोर भाजपचे समाधान आवताडे, आवताडे आले, फरक ३,७३३ मतांचा. कोरोनाची दुसरी लाट चालू होती तरी लोक रांगेत उभे राहिले. फक्त ३,७३३! म्हणजे जवळजवळ निम्मं पंढरपूर-मंगळवेढा एका बाजूला आणि निम्मं दुसऱ्या बाजूला होतं, आणि ती निवडणूक बिनविरोध झाली असती तर त्यातलं एक निम्मं कोणाला कधी दिसलंच नसतं. माझा सगळा मुद्दा एवढाच होता. तो तुम्ही वाचलाच नाही, पलूस-कडेगावला अडकलात.

आणि अंधेरी पूर्व. तिथले शिवसेनेचे आमदार रमेश लटके २०२२ च्या मे महिन्यात गेले, कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची म्हणून ३ नोव्हेंबरला मतदान ठेवलं. भाजपने उमेदवार मागे घेतला. त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके ६६,५३० मतं मिळवून आल्या, ठाकरे गटाच्या नव्या मशाल चिन्हावरची ती पहिलीच निवडणूक. पण दुसऱ्या नंबरवर कोण होतं? नोटा. १२,८०६. मतदान बत्तीस टक्केसुद्धा नाही. नोटामागे कोणी पैसे वाटले असा आरोप तेव्हा झाला होता, मला माहिती आहे, त्यात मी पडत नाही. पण एवढी हजारो माणसं सुट्टीच्या दिवशी घरातून उठून केंद्रावर गेली आणि ‘यापैकी कोणी नाही’ दाबून आली, याचा विचार करायचा की नाही? तेसुद्धा त्यांना करता आलं ते अपक्ष आणि छोट्या पक्षांचे उमेदवार रिंगणात राहिले म्हणून. बाकी सगळ्यांनी अर्ज मागे घेतले असते तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने कागदावर सही करून विजयी जाहीर केलं असतं आणि अंधेरीत एकही मशीन उघडलं नसतं. एकच उमेदवार उरला की नोटाचं बटणसुद्धा मिळत नाही मतदाराला.

आता तुमचं शेवटचं वाक्य.

‘तुमच्या घरातलं माणूस पदावर असताना गेलं असतं तर.’ गेलंय हो. माझा सख्खा धाकटा भाऊ. तो आमदार वगैरे नव्हता, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचा सदस्य होता, पहिल्यांदाच निवडून आला होता, २०१२ च्या जानेवारीत उसाला पाणी द्यायला रात्री गेला आणि सकाळी बांधावर सापडला. हार्ट अटॅक. बेचाळीस वर्षांचा होता. तुम्ही हे वाक्य एका मिनिटात टाईप केलंत आणि पुढे गेलात.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले होते तिथेच बोलणं सुरू झालं की वॉर्डाची पोटनिवडणूक लागणार, वहिनीला उभं करू आणि बिनविरोध काढू. वहिनी तिथे नव्हती, ती घरी होती, तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मला तेव्हा ते बरंच वाटलं, अगदी तुमच्यासारखंच वाटलं, की भावाची जागा आहे, भावाच्या घरात राहिली पाहिजे, गावाने एवढं तरी करावं.

पण अर्ज दोन आले. दुसरा अर्ज आमच्याच वॉर्डातल्या वरच्या आळीतल्या एका सुनेचा, तिशीच्या आतली, बचत गट चालवायची. मोठं घर नाही, मागे कोणी नाही. माघारीच्या आदल्या संध्याकाळी गावातले चार जण आणि मी तिच्या घरी गेलो. मला मुद्दाम नेलं होतं, कारण मी बाई, मी शिक्षिका, आणि मेलेल्या माणसाची बहीण. तिने चहा केला. ती म्हणाली, ताई, दादांविषयी माझ्या मनात काही नाही, पण आमच्या आळीला तीन दिवसांआड पाणी येतं, मी फक्त तेवढ्यासाठी अर्ज भरलाय, वहिनी पाणी आणणार असतील तर मी कशाला उभी राहू. मी तिला म्हटलं, आणेल गं, मी सांगते तिला, पण आत्ता आमच्या घराचं दुःख बघ. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुम्ही आलात म्हणून. दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात तीन वाजायच्या आत तिने अर्ज मागे घेतला, अनामत तिने स्वतःच्या गटाच्या बचतीतून भरली होती.

वहिनी बिनविरोध झाली, गुलाल उडाला, पेपरात दोन ओळी आल्या की गावाने आदर्श घालून दिला. नंतरची तीन वर्षं वहिनी एकाही मासिक सभेला गेली नाही. आमचा चुलतभाऊ जायचा. शिपाई प्रोसिडिंगचं रजिस्टर घरी घेऊन यायचा, वहिनी चुलीपुढून उठून हात पुसून सही करायची, वाचायला कोणी द्यायचं नाही. वरच्या आळीची पाइपलाइन झाली नाही. मी दोनदा विचारलं, चुलतभाऊ म्हणाला फंड नाही. ती लाइन पुढच्या निवडणुकीनंतर झाली, दुसऱ्याच माणसाने केली.

वहिनी मला एकदा म्हणाली होती, सगळे म्हणाले तुझ्यासाठी केलं, पण मला कुठे पाहिजे होतं? तिला तेव्हा शेताचं सातबाऱ्यावर नाव लावून पाहिजे होतं आणि मुलाच्या कॉलेजच्या फीचं बघायचं होतं. ते कोणी बघितलं नाही, सहानुभूती सगळी त्या खुर्चीलाच होती.

त्यामुळे सांगलीकर, मी हे घरातलं माणूस गेल्यानंतरच लिहितेय. तुम्हाला माहिती नव्हतं हे मान्य, पण माहिती नसताना असं वाक्य लिहायचं धाडस होतं कसं हे मला कळत नाही. वाचताना माझा मुलगा शेजारी होता, तो म्हणाला डिलीट कर, मी केलं नाही.

तुम्ही म्हणाल ग्रामपंचायत वेगळी, विधानसभा वेगळी. मोठी गोष्ट वेगळी असेल, पद्धत तीच आहे. वर ‘संस्कृती’ म्हणून जे होतं तेच खाली येतं, आणि खाली आल्यावर त्याचं काय होतं तेही बघा, २०२१ च्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी, दोन्हीकडे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. तिथेही ‘बिनविरोध’ हाच शब्द होता. सगळेच बिनविरोध असे नसतात, पण माघार कोणी घेतली आणि का घेतली हे पेपरात कधी येत नाही, मला माझ्या गावचं माहिती आहे कारण मी त्या घरात चहा प्यायलेय.

उलट बघा ना, कोल्हापूर उत्तरला दिवंगत आमदाराच्या पत्नी जयश्री जाधव २०२२ ला समोर तगडा उमेदवार असताना निवडून आल्या. २०२३ ला चिंचवडला अश्विनी जगताप, त्याही दिवंगत आमदाराच्या पत्नी, तिरंगी लढतीत आल्या. कोणी त्यांना म्हणू शकत नाही की तुम्हाला गावाने दिलं. घरच्यांनी उभं राहू नये असं मी कुठेही म्हटलेलं नाही, माझी पोस्ट परत वाचा. उभं राहावं, फक्त समोरच्याला बसवू नये.

कसब्याचं म्हणाल तर तो पक्षापक्षातला हिशोब आहे, कोणी कोणाला मोठेपणा दाखवला आणि कोणी परत केला नाही, तो त्यांनी बघावा, मी कोणत्या पक्षाची नाही. तिथल्या दिवंगत भाजप आमदार मुक्ता टिळकांच्या घरात तिकीट गेलंच नव्हतं, लढत झाली, काँग्रेसचे धंगेकर आले, लोकांनी ठरवलं. खर्चाचं म्हणाल तर त्या न्यायाने दर पाच वर्षांनीही नको घ्यायला. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

पोस्टमधली पलूस-कडेगावची ओळ बदललीये, खाली तारखेसकट दुरुस्तीची नोंद आहे. बाकी पोस्टमधला एक शब्द बदलणार नाही. तुमची प्रतिक्रियाही तशीच ठेवतेय. परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पंढरपूरच्या ३,७३३ वर लिहा, अंधेरीच्या नोटावर लिहा, मी उत्तर देईन. माझ्या घरातल्या गेलेल्या माणसावर मात्र आता काही लिहू नका.