नाल्याच्या पाण्याबद्दल विचारले, तर घरी फोन का येतो?

आज दुपारी नगरपरिषदेचे पत्र आले. ‘मागणी केलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही’ एवढे एकच वाक्य, त्याखाली जन माहिती अधिकाऱ्यांची सही आणि गोल शिक्का. माहिती अधिकाराखालचा हा अर्ज माझ्या आईचा होता. पत्र वाचल्यापासून माझा संताप शमलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आईने काय मागितले होते ते आधी सांगते. आमच्या गावाचा मोठा नाला कृष्णेला मिळतो, आणि त्याच्या तोंडाशी नगरपरिषदेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे गेल्या वर्षीचे तपासणी अहवाल, यंत्रे रोज किती तास चालली याची नोंदवही, केंद्राच्या वीज जोडणीची बिले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत, एवढेच तिने मागितले. जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आई निवृत्त शिक्षिका आहे, तिने शब्द मोजून अर्ज लिहिला होता.

अर्ज दिला त्याच संध्याकाळी घरी फोन आला. नगरपरिषदेतून नव्हे, केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराकडून. “नमस्कार बाई, तुमचा अर्ज आलाय म्हणे. काही अडचण असेल तर सांगा, आपण बसून मिटवून टाकू.” बोलणे अत्यंत नम्र होते आणि तेच मला अधिक भयंकर वाटले. सकाळी आवक-जावक टेबलावर दिलेल्या अर्जातला आईचा मोबाईल क्रमांक संध्याकाळपर्यंत ठेकेदाराच्या हातात कसा गेला? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही, आणि संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे त्याची वैयक्तिक माहितीही मागता येत नाही. अर्जदाराने घरचा पत्ता न देता टपाल पेटी क्रमांक दिला तरी चालेल, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले होते, ते याच भीतीपोटी. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० च्या सकाळी खून झाला, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. आमच्या घरी आलेल्या फोनची तुलना मी त्या घटनेशी करत नाही. पण त्या रात्री आई झोपली नाही, आणि ती का झोपली नाही हे मला कोणाला समजावून सांगावे लागू नये.

आता उत्तराकडे येते. तपासणी अहवाल हरवला, असे एक वेळ मानू. नोंदवही लिहिलीच नाही, असेही मानू. वीजबिल कसे सापडत नाही? बिल आल्याशिवाय रक्कम भरली जात नाही, रक्कम भरली की लेखा विभागात प्रमाणक (व्हाउचर) तयार होते आणि ते लेखापरीक्षणातही तपासले जाते. एक कागद तीन ठिकाणी असतो आणि तिन्ही ठिकाणी तो ‘आढळून येत नाही’, यावर आम्ही विश्वास ठेवायचा? बिले मागितली त्याला कारण आहे. पाणी ढवळणारे आणि त्यात हवा सोडणारे पंप विजेशिवाय फिरत नाहीत. ज्या महिन्यात बिल निम्म्याहून खाली येते, त्या महिन्यात मैलापाणी तसेच नदीत गेले का, हा प्रश्न कोणताही सामान्य माणूस विचारू शकतो. तेवढ्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. खरोखरच अभिलेख गहाळ असतील तर ती साधी बाब नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात सरकारी नोंदी बेकायदा नष्ट करण्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. ‘आढळून येत नाही’ असे लिहून सही करणाऱ्या अधिकाऱ्याने ती तरतूद वाचलेली असावी, अशी माझी अपेक्षा आहे.

मुळात आईला अर्ज करावाच का लागावा? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला कायदा संमत झाल्यापासून १२० दिवसांत आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितले होते, म्हणजे लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी. त्याहून जुनी गोष्ट जल कायद्याची आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ याच्या कलम २५ मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी आणि त्या सांडपाण्याची झळ ज्याला बसते अशा कोणालाही ती पाहू द्यावी, असे लिहिले आहे. म्हणजे माहिती अधिकाराचा कायदा येण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून नदीकाठच्या माणसाला हे विचारण्याचा हक्क आहे. आणि आईला फोनवर विचारतात, अडचण काय आहे!

अडचण ही आहे की आमच्या खालच्या अंगाला असलेल्या गावाची जॅकवेल, म्हणजे पिण्याचे पाणी उपसायची विहीर, याच नदीत आहे. तिथले लोक ते पाणी पितात.

काही जण या अधिकाराचा धंदा करतात, ठेकेदारांना अर्ज दाखवून पैसे उकळतात, हे खरे आहे. मी ते नाकारत नाही. पण त्यांच्यासाठी माझ्या आईने मान खाली घालायची का? उकळणाऱ्याचा धंदा बंद करायचा असेल तर सगळे कागद संकेतस्थळावर टाका, म्हणजे त्याच्या हातात विकण्यासारखे काही उरणार नाही. नगरपरिषदेत माणसे कमी आहेत, हेही मान्य. माहिती अधिकाराचे टेबल सांभाळणाऱ्या मुलीकडे जन्म-मृत्यू नोंदणीचेही काम आहे, आणि ती आईशी नीट बोलली, अर्जावर आवक क्रमांक टाकून लगेच पोच दिली. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. क्रमांक बाहेर तिनेच दिला, असे मी म्हणणारही नाही. पण तो कोणीतरी दिला, आणि त्या कोणाला तरी खात्री होती की एका निवृत्त शिक्षिकेला गप्प बसवायला एक नम्र फोन पुरेसा आहे.

तो पुरेसा ठरला नाही. फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आई म्हणाली, “मी शाळेत चाळीस मुलांच्या वह्या तपासत होते. याला एक वही दाखवायला एवढे जड का जाते?” हे ऐकून मला रडू आले. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या बाईला सरकारी कचेरीचा एवढा आदर आहे, आणि त्या कचेरीतून तिचा क्रमांक बाहेर जातो.

आई पहिले अपील करणार आहे. जोडपत्र ‘ब’, म्हणजे अपिलाचा नमुना, भरून ठेवले आहे, वीस रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प आणले आहेत. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत ते द्यायचे असते, आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला निर्णयासाठी ३० दिवस, फार तर ४५ दिवस असतात. तिथेही काही झाले नाही तर राज्य माहिती आयोगाचे पुणे खंडपीठ. तिथे किती काळ थांबावे लागते हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे, आणि विलंबाबद्दल अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड कायद्यात असूनही तो क्वचितच लावला जातो, हेही माहीत आहे. तरी आम्ही जाणार आहोत. शिवाय वेगळा नवा अर्ज देऊन कागदांच्या प्रतींबरोबर अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणीही मागणार आहोत आणि केंद्राच्या तोंडाशी पाण्याचा प्रमाणित नमुनाही, कारण कलम २(ञ) मध्ये नमुना घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पाणी अभिलेखावर आढळत नाही, असे तरी कोणी म्हणू शकणार नाही.

ज्यांच्या गावात असे केंद्र आहे त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या नगरपरिषदेकडे याच चार गोष्टी मागा, त्यातही वीजबिल आधी. अर्जाचा मजकूर हवा असेल तर खाली लिहा, मी आईचा अर्ज तिचे नाव आणि क्रमांक झाकून पाठवते. आणि अर्जानंतर कोणाचा फोन आलाच तर तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा आणि अपिलात तो नमूद करा. आम्ही तेच केले आहे.