चौकटींमधली पांढरी पट्टी: एका संदेशाला बडोद्यातून उत्तर

गेले काही आठवडे बडोद्यातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे. माझ्याकडे तो चार गटांतून आला आणि दांडिया बाजारातल्या आमच्या शनिवारच्या वाचनवर्गाला येणाऱ्या तीन मुलांच्या आयांनी तो मला वेगवेगळा पाठवून ‘काकू, तुमचे मत काय?’ असे विचारले. लिहिणाऱ्याचे नाव त्यात नाही. आशय थोडक्यात असा: तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना चित्रकादंबऱ्या (चौकटींतल्या चित्रांतून आणि संवादांतून सांगितलेल्या कादंबऱ्या, म्हणजे ग्राफिक नॉव्हेल) देऊ नयेत, कारण त्या पाहायच्या असतात, वाचायच्या नसतात, मुलांनी आधी अभिजात साहित्य वाचावे, बाकीच्या कादंबऱ्या नंतर, जात, मृत्यू, हिंसा, प्रेम असे विषय असलेली पुस्तके या वयात त्यांच्या हाती पडू नयेत, आणि गुजरातेत वाढणाऱ्या मुलांना मराठी कादंबरी झेपत नाही, तेव्हा तो हट्ट सोडावा. शेवटी इयत्तावार दहा-दहा पुस्तकांची यादी आहे. हा संदेश काळजीपोटी लिहिलेला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु आधी शाळेच्या ग्रंथालयात आणि निवृत्तीनंतर या वर्गात मी मुलांना पुस्तके देत आले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते की हा सल्ला पाळला गेला तर वाचू लागलेली मुले वाचनापासून दूर जातील. म्हणून हे सविस्तर उत्तर.

चित्रकादंबरी वाचायची नसते, हा पहिला आणि सर्वांत जास्त पटणारा मुद्दा आहे. तो पटतो, कारण आपण मोठी माणसे चित्रांच्या पुस्तकाची पाने भराभर उलटतो आणि मूलही तसेच करत असेल असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात चित्रकथेच्या पानावर दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत दारावर हात आहे आणि दुसऱ्या चौकटीत खोली रिकामी आहे. मध्ये काय घडले, किती वेळ गेला, कोण आले आणि कोण गेले, हे त्या पट्टीत वाचकाला स्वतः भरावे लागते. गद्य कादंबरीत लेखक ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ असे लिहून मोकळा होतो. इथे ते तीन शब्द वाचकाने आकाशाचा रंग, सावलीची लांबी, पात्राचे बदललेले कपडे पाहून मनातल्या मनात तयार करायचे असतात. आमच्या वर्गातला आठवीतला एक मुलगा, जो धड्याचे एक पान वाचताना तीनदा पाणी प्यायला उठतो, एका शनिवारी अशाच एका जोडपानावर वीस मिनिटे थांबला होता. कोपऱ्यातल्या एका लहानशा चौकटीत घड्याळ होते, ते आधीच्या पानावर वेगळी वेळ दाखवत होते, हे त्याने शोधून काढले आणि मग संपूर्ण प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचले. या वीस मिनिटांना वाचन म्हणायचे नसेल, तर वाचन कशाला म्हणायचे, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगायला हवे.

बडोद्यात तर हा आक्षेप विशेष खटकतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता, पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांपर्यंत पोचत होत्या, आणि त्याच ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची स्वतंत्र शाखा होती, जी मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे पडद्यावर चित्रे पाडणाऱ्या दिव्याच्या, काचेच्या चित्रपट्ट्या आणि चित्राला खोली देणारे स्टिरिओस्कोप लोकांपर्यंत नेत असे. चित्राला ज्ञानाचे साधन मानणारी ग्रंथालये या शहराने शंभर वर्षांपूर्वी चालवली. आजही कीर्ती मंदिरात गेल्यावर नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांसमोर उभे राहून आपण मुलांना महाभारत समजावून सांगतो, आणि ते करताना चित्र पाहणे हा आळस आहे असे कोणाच्याही मनात येत नाही. शिवाय हा संदेश पुढे पाठवणाऱ्या माझ्या वयाच्या अनेकांनी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ सुट्टीत एकमेकांकडून मागून वाचलेला आहे, आणि त्यांतलेच कितीतरी जण पुढे आयुष्यभर जाड कादंबऱ्या वाचत राहिले.

चित्रकादंबरीचे साहित्यमूल्य आता जगभर मान्य झाले आहे, हेही नोंदवायला हवे. नाझी छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी आर्ट स्पीगलमन यांनी ज्यूंना उंदीर आणि जर्मनांना मांजरे दाखवून सांगितली, त्या ‘माउस’ला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेतले बालसाहित्याचे न्यूबेरी पदक २०२० मध्ये प्रथमच एका चित्रकादंबरीला देण्यात आले. आपल्याकडे ओरिजित सेन यांनी १९९४ मध्येच नर्मदेच्या खोऱ्यातले विस्थापन चित्रकादंबरीत मांडले, आणि ज्या धरणाभोवती ते पुस्तक फिरते ते बडोद्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते. चित्रे आहेत म्हणून पुस्तक लहान मुलांचे, असे समजून कोणतीही चित्रकादंबरी डोळे झाकून दहावीतल्या मुलाला देणे चूक आहे. चित्रकादंबरी हा पुस्तकाचा घाट आहे, त्यावरून वय ठरत नाही, आणि प्रौढांसाठी लिहिलेल्या चित्रकादंबऱ्या भरपूर आहेत. देणाऱ्याने ती आधी स्वतः पूर्ण वाचलेली असावी, एवढीच अट पुरेशी आहे. पण ती अट गद्य कादंबरीलाही लागू होते.

‘आधी अभिजात, मग बाकीचे’ हा दुसरा मुद्दा. त्यामागे अशी समजूत आहे की अभिजात पुस्तक म्हणजे कठीण पुस्तक, आणि कठीण आधी केले की सोपे आपोआप येते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आणि तिची रचनाच एकेका रात्री सांगितलेल्या गोष्टींची आहे. ती सोपी, ऐकण्याजोगी, एका बैठकीत एक गोष्ट संपणारी होती, म्हणूनच ती घराघरांत पोचली. आज तेरा वर्षांच्या मुलाला ती जुनी वाटत असेल तर त्याला अभिरुची नाही असा निष्कर्ष काढण्याऐवजी त्याच्या काळाची अशीच सोपी आणि खरी कादंबरी त्याला आधी द्यावी, आणि ‘श्यामची आई’पर्यंत तो नंतर येऊ शकतो, हा विश्वास ठेवावा. उलट क्रमही चालतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ अभिजातच आहे, पण ती लहान आहे, आणि तिचा नायक अनोळखी वाडीवर एकटा गेलेला कोवळ्या वयाचा मास्तर आहे. वसतिगृहात राहायला निघालेल्या अकरावीतल्या मुलाला मी ती दिली, तेव्हा ती अभिजात आहे हे मी त्याला सांगितले नाही, कारण त्याची गरज नव्हती.

मराठी झेपत नाही, या मुद्द्याकडे थोडे बारकाईने पाहायला हवे, कारण इथे पालकांची अडचण खरी आहे. आमच्या वर्गातली निम्मी मुले इंग्रजी माध्यमात आहेत, उरलेल्यांतली बरीच गुजराती माध्यमात. घरी बोलतात ते मराठी गुजरातीने भिजलेले असते. पण लिपीचा अडसर जवळजवळ नाहीच. हिंदीमुळे देवनागरी सगळ्यांना येते, आणि गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसली तरी बरीचशी अक्षरे ओळखीची असतात. अडसर येतो तो पुस्तकी वाक्यांचा, म्हणजे ज्या लांब वर्णनपर वाक्यांत एकही माणूस बोलत नाही त्यांचा. म्हणून मी या मुलांना संवादांनी भरलेली पुस्तके आधी देते. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन हा मुलगा बेळगाव भागातल्या कानडीच्या शेजारातले मराठी बोलतो, गोष्टी त्याला ‘मॅड’सारख्या वाटतात, आणि शुद्ध पुस्तकी मराठी ही त्याचीही रोजची भाषा नाही. बडोद्यातल्या मुलाला हे वाचताना आपल्या मिसळलेल्या बोलीची लाज वाटेनाशी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मधली नववीतली मुलेही अशीच बोलती आहेत, आणीबाणीचा काळ काय होता, हे ती कादंबरी वाचून मुले आजोबांना विचारू लागतात. सुरुवातीची वीस पाने मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवते. कानाला भाषेची लय सापडली की डोळे मागोमाग जातात. मग आजीला शब्दांचे अर्थ विचारणे वगैरे पुढचे सगळे घरी आपोआप होते. हट्ट सोडायचा असेल तर तो ‘मुलाने एकट्याने, मुकाट्याने वाचले पाहिजे’ हा सोडावा.

यादीबद्दल थोडक्यातच सांगते. आठवीतली सगळी मुले एका उंचीची नसतात, तशी एका वाचनाचीही नसतात. मी मुलाला तीन गोष्टी विचारते: शेवटचे कोणते पुस्तक पूर्ण वाचलेस, कोणते अर्ध्यावर टाकलेस, आणि टाकलेस ते कोणत्या पानाच्या आसपास. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत उपयोगी असते, कारण पाचव्या पानावर सोडलेले पुस्तक भाषेमुळे सुटलेले असते आणि साठाव्या पानावर सोडलेले बहुधा गोष्टीमुळे. मग मी एक पुस्तक न देता दोन देते, म्हणजे निवड त्याची राहते, आणि एक न वाचता परत आले तर मी काही म्हणत नाही.

आता दुःखद आणि अवघड विषयांचा मुद्दा. संदेशात तो तिसरा आहे. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझ्या दृष्टीने सर्वांत जास्त नुकसान त्याने होणार आहे. जात, मृत्यू, हिंसा मुलांच्या आयुष्यात पुस्तकातून येत नाहीत. वर्गात कोणाचे आडनाव ऐकून कोण गप्प झाले, घर भाड्याने शोधताना आईबाबांना काय विचारले गेले, हे चौदा वर्षांच्या मुलाला माहीत असते. त्याबद्दल बोलायला शब्द मात्र त्याच्याकडे नसतात, आणि चांगली कादंबरी ते पुरवते.

‘भीमायन’ ही २०११ ची चित्रकादंबरी मी नववीतल्या एका मुलीला दिली. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग त्यात रंगवले आहेत. चित्रांना ठरावीक चौकटी नाहीत, कारण पात्रांना पेटीत कोंडायचे नाही असे चित्रकारांनी ठरवले. गोंड नक्षीच्या वळणदार पट्ट्याच पानाचे भाग पाडतात. आगगाडी सापासारखी आहे. त्या मुलीने माझ्याकडे येऊन एका संवादाच्या फुग्यावर बोट ठेवले आणि विचारले, “काकू, या फुग्याला शेपूट विंचवाची का आहे?” मी म्हटले, “बाकीचे फुगे बघ आणि तूच सांग.” ती पाने मागेपुढे करत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “जे टोचून बोलतात त्यांच्याच फुग्याला नांगी आहे. ज्यांना सोसावे लागते, त्यांचे फुगे पक्ष्यासारखे आहेत.” हे तिने स्वतः शोधले होते.

मग ती बडोद्याच्या प्रकरणाशी आली. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी उतारूगृहात ते काही दिवस राहिले. जात कळल्यावर लाठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. मुलीने पुस्तक खाली ठेवले आणि विचारले, “हे आपलेच कमाटीबाग का?” मी हो म्हटले. प्राणिसंग्रहालय, लहान मुलांची आगगाडी, रविवारची भेळ एवढीच तिची कमाटीबाग होती. पुढच्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण तिथल्या संकल्पभूमीवर, म्हणजे बाबासाहेबांच्या या प्रसंगाच्या स्मृतिस्थळी, गेलो. मुले कमी बोलली. परतताना एका मुलाने, ज्याच्या घरी याबद्दल बोलले जाते हे मला आधी ठाऊक नव्हते, आपल्या आजोबांना गावात विहिरीवर पाणी कसे वाढले जात असे ते सगळ्यांना सांगितले. त्याने हे वर्गात कधीच सांगितले नव्हते.

संदेश म्हणतो की असे विषय मुलांना खिन्न करतात. काहींना करतातही, आणि म्हणूनच पुस्तक बंद करण्याची मुभा मुलाला हवी, आणि बंद केल्यावर बोलायला एखादे मोठे माणूस जवळ हवे. मी पुस्तक निवडताना विषय कोणता ते बघत नाही. लेखक त्या विषयाकडे कसा पाहतो ते बघते. हिंसेची चटक लावणारे पुस्तक मी देत नाही, मग त्याच्या वेष्टनावर कोणतेही वय छापलेले असो. सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहून लिहिलेले पुस्तक देते.

कमाटीबागेहून आल्यानंतरच्या आठवड्यात त्या मुलीने विचारले की बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग कुठे लिहिला आहे का. त्यांच्या मूळ इंग्रजी आठवणी मी तिला छापून दिल्या. त्यांत एकही चित्र नाही. तिने त्या वाचल्या, समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले, आणि ते कागद आजोबांना वाचून दाखवायचे आहेत म्हणून अजून परत केलेले नाहीत.