लोह-५७ किरणोत्सर्गी नाही. मुलींची निळी गोळी थांबवू नका

‘लोह-५७ आणि लोह-५८ हे अणुभट्टीतलं किरणोत्सर्गी लोखंड. पोषणाच्या अभ्यासाच्या नावाखाली पाजतात. जड असल्यामुळे ते शरीरातून निघत नाही. चौदा दिवसांनी रक्त घेतात ते रेडिएशन मोजायला. लोहाच्या गोळ्याही तसल्याच, बंद करा.’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज वाचून आमच्या वहिनीने पुतणीची शाळेतली गोळी थांबवली. आता मात्र गप्प बसवत नाही.

आधी गोळीचंच बोलू. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या सरकारी योजनेतली किशोरवयीनांची निळी गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. लोह-५७ आणि लोह-५८ ही लोहाचीच किंचित जड रूपं, म्हणजे समस्थानिकं. कुठल्याही साध्या लोहात २.१२ टक्के लोह-५७ आणि ०.२८ टक्के लोह-५८ असतंच. म्हणजे या गोळीतही सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास लोह-५७ आहे. तुमच्या कढईत आहे, मेथीत आहे. प्रौढ माणसाच्या अंगात तीन ग्रॅम लोह धरलं, तर साठेक मिलिग्रॅम लोह-५७ जन्मभर तिथेच असतं. दोन्ही समस्थानिकं स्थिर आहेत, त्यातून किरण निघतच नाहीत. अभ्यासासाठी ती अणुभट्टीत बनवत नाहीत, साध्या लोखंडातून वेगळी काढतात. म्हणून तर ती इतकी महाग.

किरणोत्सर्गी आहेत ती लोह-५५ आणि लोह-५९. पूर्वीच्या अभ्यासांत ती वापरली जात, एवढं मान्य.

चौदा दिवसांचं कारण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शिकेत सविस्तर आहे. जेवणातलं लोह अंगात किती शोषलं जातं ते मोजायला, उपाशीपोटी आलेल्या माणसाला ठरलेल्या जेवणाबरोबर काही मिलिग्रॅम खुणेचं लोह, म्हणजे लोह-५७ किंवा लोह-५८, देतात. पेला विसळून तेही पाणी पाजतात, कारण तळाशी थेंब राहिला तर शोषण कमी दिसतं. मग काही तास चहा-खाणं बंद. शोषलेलं लोह अस्थिमज्जेत जाऊन नव्या तांबड्या पेशींत उतरायला दोन आठवडे लागतात. नंतरच्या रक्तात वस्तुमान वर्णपटमापी (अणू वजनाप्रमाणे वेगळे करणारं यंत्र) फक्त खुणेचं लोह-५७ आणि नेहमीचं लोह-५६ यांचं गुणोत्तर मोजतो.

‘निघत नाही’ हे अर्धं खरं. लोह बाहेर टाकायची खास वाट शरीराला नाही, रोज एक-दोन मिलिग्रॅम झडतं तेवढंच. पण हे सगळ्याच लोहाचं आहे, त्याचा वजनाशी संबंध नाही. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह घेऊ नये.

बाकीच्यांनी गोळी जेवणानंतर घ्यावी. त्यावर लगेच अमृततुल्य नको, चहातले टॅनिन लोह अडवतात; तासाभराचं अंतर ठेवा. शौचाला काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे, त्याला घाबरून गोळी सोडू नका.