‘एमआरआय काढा, अल्झायमर दिसेल’ : फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. त्यांतल्या दोघांनी सोबत घरच्या माणसाच्या रिपोर्टचा फोटोही जोडला होता. मेसेज थोडक्यात असा आहे : ‘विसरायला होतंय? एकदा मेंदूचा एमआरआय काढा. अल्झायमर आणि पार्किन्सन त्यात लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी दिसतात. रिपोर्टमध्ये मेंदू आकसल्याचं लिहिलं असेल तर समजा, अल्झायमर सुरू झाला. रिपोर्ट नॉर्मल असेल तर निश्चिंत राहा. तरीही शंका उरली तर पेट स्कॅन शंभर टक्के खरं सांगतो. पन्नाशीनंतर प्रत्येकाने दर वर्षी हे करून घ्यावं.’

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. मेंदूचे स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम, आणि या तंत्रावर माझा जीव आहे. म्हणूनच हे उत्तर लिहायला बसले. मेसेजमधली बरीच वाक्यं अर्धवट खरी आहेत. पूर्ण खोटी असती तर लोकांनी ती केव्हाच सोडून दिली असती.

पहिलं वाक्य घेऊ : एमआरआयमध्ये अल्झायमर दिसतो. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्णाबद्दल पहिल्यांदा सांगितलं, ती ऑगस्टे डेटर ही बाई तेव्हा हयात नव्हती. तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या : पेशींच्या बाहेर साचलेले (आज अमायलॉइड म्हणतात त्या) प्रथिनाचे डाग आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. आजही अल्झायमर म्हणजे हेच डाग आणि हाच गुंता. यांतला एक डाग साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो. नेहमीच्या एमआरआयचा एक ठिपका मात्र जवळपास एक मिलिमीटरचा. तेव्हा डाग एमआरआयमध्ये दिसत नाहीत, गुंताही दिसत नाही. आम्हाला दिसतो तो परिणाम : पेशी मेल्यावर कोणता भाग किती बारीक झाला. पूर ओसरल्यावर भिंतीवरची खूण पाहून पाणी कुठवर आलं होतं ते सांगावं, तसं हे काम आहे.

आता ती खूण कशी पाहतो ते सांगते, कारण सगळा घोळ इथेच होतो. मेंदूचे उभे आडवे छेद स्क्रीनवर घेतले की कानाच्या पातळीवर, आतल्या बाजूला, दोन्हीकडे एक छोटी गुंडाळी दिसते. हा हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी साठवण्याचं काम मुख्यतः याचं. त्याच्या वर एक बारीक फट असते आणि बाजूला पाण्याची एक कोपरी. हिप्पोकॅम्पसची उंची कमी झाली की फट रुंदावते, कोपरी फुगते. या तिन्ही गोष्टी नजरेने जोखून ० ते ४ असा गुण द्यायची पद्धत १९९२ पासून वापरात आहे. पण या गुणाला वयाचा संदर्भ लागतो. साठीतल्या माणसाला २ मिळाले तर मी थांबून पुन्हा पाहते. पंच्याहत्तरीच्या पुढे तेच २ बहुधा वयाला साजेसे धरले जातात. हिप्पोकॅम्पस निरोगी म्हातारपणीही दर वर्षी साधारण १ ते २ टक्के कमी होतो. अल्झायमरमध्ये तोच वेग ४-५ टक्क्यांच्या घरात जातो. एका फोटोत मला आकार कळतो, वेग कळत नाही.

म्हणून ‘मेंदू आकसला म्हणजे अल्झायमर’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त त्रास देतं. ‘वयोमानानुसार मेंदू आकसलेला’ ही ओळ आम्ही सत्तरीपुढच्या कितीतरी रिपोर्टांत लिहितो. तिचा अर्थ ‘या वयात असतं तेवढंच’ असा असतो. मध्यंतरी एक मुलगी आईचा रिपोर्ट घेऊन आली. त्या एका ओळीखाली तिने लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या. घरात तीन रात्री कुणी धड झोपलं नव्हतं. आई शेजारी बसून सगळं ऐकत होती आणि मुलगी तिच्यादेखत विचारत होती, ‘किती वर्षं उरली असं समजायचं?’ मी स्क्रीन तिच्याकडे वळवून दोन्ही हिप्पोकॅम्पस दाखवले. वयाच्या मानाने ते बरे होते. आईला विसरायला होत होतं हे खरंच होतं, त्याकडे नंतर येते.

शिवाय मेंदू आकसायला अल्झायमर हे एकच कारण नसतं. वर्षानुवर्षांची दारू, जुने लहान-मोठे स्ट्रोक, डोक्याला मार यांनीही तो आकसतो. कोणता भाग आकसला यावरून दिशा मिळते. समोरचा आणि कानाकडचा भाग असेल तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा, म्हणजे आधी वागणं किंवा भाषा बिघडवणाऱ्या आजाराचा विचार येतो. मेंदूच्या देठाचा वरचा भाग बारीक झाला की उभ्या छेदात तो हमिंगबर्ड या इवल्या पक्ष्याच्या डोक्या-चोचीसारखा दिसतो, तिथे पीएसपी या पार्किन्सनसदृश आजाराची शंका येते. हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात आतले कॉडेट नावाचे गोळे झिजतात, पण त्याचं निदान शेवटी रक्तातल्या जनुकाच्या चाचणीने होतं. तो जनुक १९९३ सालीच सापडला आहे.

‘नॉर्मल रिपोर्ट म्हणजे निश्चिंत’ या वाक्याने होणारं नुकसान शांतपणे होतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही. पन्नाशीतले एक हिशेबनीस मला आठवतात. वागणं बदललेलं, चारचौघांत नको ते बोलायचे, पैशांचं भान सुटलेलं. पहिला एमआरआय नॉर्मल होता. ‘स्कॅनमध्ये काही नाही, म्हणजे हे मुद्दाम करतात’ असा अर्थ घरच्यांनी लावला आणि दीड वर्ष त्या माणसाला बोलणी बसली. दुसऱ्या स्कॅनच्या वेळी कपाळामागचा भाग स्पष्ट बारीक झाला होता. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात सुरुवातीचा स्कॅन साफ असू शकतो, अल्झायमरमध्येही असू शकतो. त्या दीड वर्षात कुणी त्यांच्या बायकोला समोर बसवून अर्धा तास नीट विचारलं असतं, तर बरंच आधी कळलं असतं. तसं विचारलं गेलं नाही, कारण नॉर्मलचा कागद हातात होता. याचं मला आजही वाईट वाटतं.

पार्किन्सनबद्दल थोडक्यात. नेहमीचा एमआरआय या आजारात डोळ्यांना बहुधा नॉर्मलच दिसतो. निदान डॉक्टर हातापायांच्या हालचालीवरून करतात : हालचालींचा मंदपणा, आणि त्यासोबत स्वस्थ बसलेल्या हाताचा कंप किंवा सांध्यांतला ताठरपणा. एमआरआय काढतात तो दुसरं काही नाही ना, हे पाहायला. हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींची टोकं दाखवणारा डॅट स्कॅन नावाचा वेगळा स्कॅन आहे. पार्किन्सनचा कंप की साधा कंप, एवढा प्रश्न तो चांगला सोडवतो. पण पार्किन्सन आणि त्याचे पीएसपीसारखे भाऊबंद यांतला फरक त्यालाही नीट सांगता येत नाही, कारण त्या सगळ्यांत ती टोकं कमी झालेली असतात.

आता पेट स्कॅन. इथे मेसेज लिहिणाऱ्याचा उत्साह मी समजू शकते, कारण हे खरोखरच मोठं पाऊल होतं. यात किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन ते मेंदूत कुठे जमतं ते पाहतात. एका पेटमध्ये मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो ते दिसतं. दुसऱ्यात, म्हणजे अमायलॉइड पेटमध्ये, अल्झायमर यांनी मेलेल्या मेंदूत पाहिलेले डाग जिवंत माणसात उजळतात. डाग उजळवणारं असं द्रव्य पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं ते २००२ साली, स्वीडनमधल्या उप्साला इथे. त्यातला किरणोत्सारी कार्बन दर वीस मिनिटांनी निम्मा होत असे, त्यामुळे जिथे तयार केलं तिथेच वापरावं लागे. पुढे ११० मिनिटांत निम्मा होणारा फ्लोरीन वापरात आला आणि द्रव्य दुसऱ्या गावी पाठवणं शक्य झालं. अमेरिकेत अशा पहिल्या द्रव्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

पण या स्कॅनने दिलेलं उत्तर एवढंच असतं : डाग आहेत की नाहीत. ‘नाहीत’ हे उत्तर फार मोलाचं, कारण मग विसरण्याचं कारण अल्झायमर असण्याची शक्यता खूप कमी होते. ‘आहेत’ या उत्तराचं वजन मात्र वयानुसार बदलतं. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या माणसांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला. पन्नाशीत अशा निरोगी माणसांपैकी सुमारे १० टक्के लोकांत डागांचा पुरावा होता, नव्वदीत ४४ टक्के. म्हणजे नव्वदीत स्वतःचे व्यवहार स्वतः पाहणाऱ्या दर पाच जणांपैकी दोघांचा स्कॅन ‘पॉझिटिव्ह’ येईल. त्यांच्या हातात शंभर टक्क्यांचं भाकीत ठेवणार का?

योग्य जागी हाच स्कॅन केवढा उपयोगी पडतो, तेही सांगायला हवं. स्मृतीची तक्रार होती पण तज्ज्ञांना कारणाची खात्री नव्हती, अशा अकरा हजारांहून अधिक लोकांचा अमेरिकेतला आयडियाज अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमायलॉइड पेटनंतर त्यांतल्या सुमारे ६० टक्के रुग्णांची औषधं किंवा पुढची उपाययोजना बदलली, आणि चौघांत एकाच्या बाबतीत आधी धरलेलं ‘अल्झायमर’ हे निदान मागे घ्यावं लागलं. या सगळ्यांना आधी तज्ज्ञाने तपासलं होतं. प्रश्न नेमका होता, म्हणून उत्तर कामाला आलं. लेकॅनेमॅबसारखी डाग कमी करणारी नवी औषधं देण्याआधीही डाग आहेत हे पेटने किंवा पाठीच्या पाण्याच्या तपासणीने पक्कं करावं लागतं, आणि औषध सुरू असताना मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला ठरावीक काळाने एमआरआय काढतात. तिथे एकही स्कॅन चुकवू नये.

राहिला दर वर्षी स्कॅनचा सल्ला. रॉटरडॅममध्ये २००० सर्वसाधारण माणसांचे एमआरआय काढले होते, सरासरी वय ६३. कसलीही तक्रार नसताना त्यांतल्या ७.२ टक्के लोकांत जुन्या स्ट्रोकच्या खुणा, १.८ टक्क्यांत रक्तवाहिनीचा फुगा आणि १.६ टक्क्यांत साधी गाठ सापडली. यांतल्या बऱ्याच गोष्टी आयुष्यभर गप्प राहतात, पण एकदा दिसल्या की माणूस त्यांच्यासोबत जगायला लागतो. पुन्हा स्कॅन, पुन्हा भीती, क्वचित नको असलेली शस्त्रक्रिया. लक्षणं नसताना केवळ डागांवरून आजार म्हणायचं की नाही, यावर २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या दोन मोठ्या गटांत उघड मतभेद झाले. तरी लक्षणं नसलेल्यांची संशोधनाबाहेर सरसकट तपासणी करू नये, यावर दोन्ही गट ठाम आहेत.

मग विसरायला होत असताना स्कॅन काढायचाच नाही का? जरूर काढायचा, निदान एकदा तरी. मेसेजमध्ये नेमकं हेच कारण नाही : बरे होणारे आजार शोधायला. सत्तरीपुढचे एक गृहस्थ तीन आठवड्यांत नातवंडांची नावं विसरायला लागले, चालताना एका बाजूला झुकायला लागले. घरचे म्हणाले, वय झालं. सीटीमध्ये कवटी आणि मेंदूच्या मध्ये चंद्रकोरीसारखा पट्टा होता. दीड-दोन महिन्यांपूर्वी डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं, ते रक्त पातळ करायची गोळी घेत होते आणि रक्त हळूहळू साचत गेलं होतं. कवटीला छिद्र पाडून ते काढलं. आठवड्याभराने ते नातवंडांना नावाने हाका मारत होते. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचण्याचा एक आजार १९६५ पासून माहीत आहे : पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि विसरणं. ते पाणी वळवणारी नळी वेळेत टाकली तर अनेक जण, विशेषतः चालण्यात, सुधारतात. त्याचाही स्कॅन घाईत वाचला तर रिपोर्टमध्ये ‘मेंदू आकसला’ एवढंच लिहिलं जाण्याचा धोका असतो.

तेव्हा डॉक्टरकडे जाताना रोज सोबत राहणारं माणूस बरोबर न्या. विसरणं कधी सुरू झालं, हळूहळू वाढलं की एकदम, आधी काय सुटलं, शब्द, रस्ते की हिशेब, हे त्याला सांगता येतं. सुरू असलेली सगळी औषधं घेऊन जा. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर आठवण करून द्या. आधी कधी स्कॅन झाला असेल तर नुसता कागद नको, सीडी आणा.

त्या मुलीच्या पिशवीत अशी एक सीडी निघाली, तीन वर्षांपूर्वीची, चक्कर आली म्हणून काढलेल्या एमआरआयची. मी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. हिप्पोकॅम्पस तेव्हा होते तेवढेच आजही होते. त्याच पिशवीत गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या, वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या. दोन्ही झोपेच्या. आई रोज रात्री दोन्ही घेत होती. मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला.