डाव्या कानाचं गाणं

लहानपणी आमच्याकडे इयरफोन एकच आणि ऐकणाऱ्या दोघी. डावा कान माझा, उजवा ताईचा. वायर जेमतेम पुरायची, म्हणून डोक्याला डोकं लावून बसायचं. ताईने मान वळवली की माझ्या कानातून गाणं निसटायचं. एका बँडचा अख्खा अल्बम मी असा ऐकलाय, किती वेळा ते मोजलं नाही. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं आवडीनिवडीवर जातं आणि आज मला वेगळंच सांगायचंय. तुमचा जीव ज्यांच्यावर जडलाय, ते डोळ्यांसमोर आणा.

कितीतरी वर्षांनी कळलं, की आमच्या लाडक्या गाण्यात गिटार डावीकडे ठेवलीय आणि कीबोर्ड उजवीकडे. म्हणजे माझ्या वाट्याला गिटार आली होती आणि ताईच्या वाट्याला कीबोर्ड. ती गुणगुणायची ती सुरावट मला कधी ऐकूच आली नव्हती. "तू भलतंच म्हणतेस" यावरून आमची चक्क भांडणं झाली आहेत.

मागच्या वर्षी आम्ही दोघींनी त्या बँडला पहिल्यांदा समोर वाजवताना पाहिलं. तेव्हापासून हे लिहायचं होतं. कारण लोक सारखे विचारतात, घरी हेडफोनवर इतकं स्वच्छ ऐकू येतं, मग गर्दीत धक्के खायला कशाला जायचं?

स्वच्छ ऐकू येतं, मान्य; गर्दीत तर कधीकधी वाजवणाऱ्यांनाही ऐकू येत नाही. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स हा चौघांचा ब्रिटिश बँड वाजला, तेव्हा ५५ हजारांहून जास्त माणसं होती. व्हॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी १०० वॉटचे अॅम्प्लिफायर बनवून दिले होते, तरी त्या किंकाळ्यांपुढे बँडला स्वतःचं वाजवणं धड ऐकू येईना. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे बंद केले. पण मला त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ३० जानेवारी १९६९ ला हेच चौघं लंडनमध्ये स्वतःच्या ऑफिसच्या गच्चीवर चढले आणि भर थंडीत सुमारे ४२ मिनिटं वाजवत राहिले. त्याच इमारतीच्या तळघरात त्यांचा स्टुडिओ होता. नीट रेकॉर्डिंग तिथेही झालं असतं. तरी ते वर गेले, उघड्यावर, जिथून रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल.

आमचं गाणं सुरू होण्याआधी ड्रमरने काठ्या डोक्याच्या वर नेल्या आणि एकमेकींवर चारदा आपटल्या. अल्बममध्ये हे चार ठोके नाहीत. आम्ही ऐकलेलं गाणं थेट सुरू व्हायचं, झालेलं, संपलेलं, कायमचं ठरून गेलेलं. इथे त्या चार ठोक्यांपुरतं ते अजून व्हायचं होतं. बास वाजवणाऱ्याने ड्रमरकडे पाहिलं, हनुवटी किंचित खाली केली, आणि मग ते आलं. नुसतं कानात नाही. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. इयरफोनने ती कानाच्या पडद्यापर्यंत पोचते. मोठ्या स्पीकरसमोर उभं राहिलं की ती बरगड्यांवर येऊन आदळते. माझा श्वास अडकला होता, आणि हे मी सजवून सांगत नाहीये.

मग गिटारसोबत कीबोर्ड आला. ताईची सुरावट. मोठ्या मैदानात आवाज सहसा डावा-उजवा फारसा वेगळा ठेवत नाहीत, नाहीतर एका टोकाला उभ्या असलेल्यांना अर्धंच गाणं मिळेल. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की आम्ही दोघी पहिल्यांदा एकच गाणं ऐकतोय, एकाच वेळी, पूर्ण. मी ताईकडे पाहिलं तर ती माझी गिटार गुणगुणत होती. आयुष्यात पहिल्यांदा.

कडवं आलं तसा गायक माइकपासून मागे सरला आणि सगळं मैदान गाऊ लागलं. मागच्यांचा आवाज जरा उशिरा येत होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाचा शब्द पाव सेकंदाहून जास्त मागे पडतो. त्यामुळे गाणं एकसाथ वाजत नव्हतं, पाठीमागून पसरत येत होतं. मला वाटायचं, हे गाणं फक्त आमच्या दोघींचं आहे. ही सगळी माणसं शब्द न चुकता म्हणत होती. हिरावल्यासारखं वाटेल अशी धास्ती होती. तसं झालं नाही. उलट इतक्या वर्षांचं एकटेपण खांद्यावरून उतरलं. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात कधी धरला ते मला कळलंही नाही.

आणि वेळ थोडा असतो, हे विसरू नका. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये पिंक फ्लॉइड या बँडचे वॉटर्स, गिलमोर, मेसन आणि राइट चोवीस वर्षांनी एका स्टेजवर आले. 'पुन्हा कधीतरी येतील' असं म्हणत थांबलेल्यांना ते चौघं एकत्र परत दिसलेच नाहीत. २००८ मध्ये रिचर्ड राइट गेले. रेकॉर्ड आहेत, राहतील. बोटं राहत नाहीत. जाता येत असेल तर जा, लांबून दिसलं तरी जा.

त्या रात्री आमच्या गाण्यात शेवटच्या वळणावर गिटारवाला चुकला. एक पट्टी खाली लागली. त्याने कीबोर्डकडे बघून मोकळं हसून घेतलं आणि पुढच्या ठोक्याला परत जागेवर आला. आता घरी तो अल्बम लावते, ते वळण येतं, गिटार अगदी बरोबर लागते, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.