कुल्फीवाला आला की नेट जातं

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या माझा एक स्टिकर फिरतोय. तोंड वासलेलं, डोळे अर्धे मिटलेले, एक हात पेटीच्या भात्यावर आणि खाली कुणीतरी लिहिलंय, 'जेवण झालं का?'. परवा मावशीने तो 'शुभ रात्री' म्हणून टाकला. सख्खी मावशी! जिने मला कडेवर घेऊन राणीची बाग दाखवली ती!

हा फोटो कुणी काढलेला नाही. मी दर रविवारी रात्री आठला घरच्या कॉम्प्युटरवरून लाइव्ह पेटी शिकवतो, फुकट, आणि गेले पाच रविवार आठ-दहा, आठ-बाराच्या सुमाराला नेट जातं आणि मी असेन त्या अवस्थेत जगासमोर थिजतो. जग म्हणजे ४१ माणसं, पण त्यातली ९ नातेवाईक आहेत आणि ती स्क्रीनशॉट काढायला टपूनच बसलेली असतात. बरं, मी शांत बसलोय, हसतोय, अशा वेळी नेट कधी जात नाही. आलाप घेताना जातं. 'आ'वरच जातं.

पेटीच्या नशिबातच हे असावं. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती उठायला १९७१ उजाडलं. का, तर म्हणे या वाद्याला मींड घेता येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. ते एकवेळ समजू शकतो, निदान कारण तरी दिलं होतं. माझ्यावर दर रविवारी बंदी येते आणि कारण विचारलं की 'असुविधेबद्दल क्षमस्व'.

आता मी काही अगदीच अडाणी नाही. पहिल्या रविवारनंतरच मी कामाला लागलो. ओबीएस म्हणजे लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर, त्याच्या खाली कोपऱ्यात एक हिरवा चौकोन असतो तो पिवळा होऊन लाल व्हायचा आणि ड्रॉप्ड फ्रेम्स, म्हणजे वाटेतच गळालेली चित्रं, रिक्षाच्या मीटरसारख्या पळायला लागायच्या, म्हणून बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा, ४५०० वरून २५०० केला, मग १५००, त्यात माझा चेहरा वाडग्यातल्या मऊ भातासारखा दिसायला लागला पण नेट जायचं ते गेलंच, मग वाटलं वायफायचा दोष, म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन १५ मीटर कॅट सिक्स केबल आणली, ती दारातून ओलांडताना आई दोनदा अडखळली, मग बायकोच्या फोनचा फोटो बॅकअप बंद केला कारण तो गुपचूप सगळा अपलोड खातो, आणि लाइव्हला अपलोडच लागतो, प्लॅनच्या जाहिरातीत तो भलामोठा आकडा लिहितात त्यातला डाउनलोड आपल्या काय कामाचा. स्पीड टेस्ट? स्पीड टेस्ट उत्तमच यायची. ती पाव मिनिट चालते हो. पाव मिनिट कुणीही सभ्य वागतो.

चौथ्या रविवारी मी दोन काळ्या खिडक्या उघडून ठेवल्या. एकीत राऊटरला पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, १९२.१६८.१.१, दुसरीत बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला. नेट गेलं तेव्हा राऊटर एका मिलिसेकंदात 'हजर' म्हणत होता आणि बाहेरून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष, केबल निर्दोष, माझे बाराशे रुपये पाण्यात, आणि बिघाड राऊटरच्या पलीकडे. इतकं शास्त्रशुद्ध काम मी ऑफिसमध्येही कधी केलेलं नाही.

बायको म्हणाली, "कुल्फीवाला आला की जातं तुझं नेट."

मी हसलो. हे लिहायलाच हवं म्हणून लिहितोय. चांगला खदाखदा हसलो. म्हटलं, कुल्फीचा आणि ऑप्टिकल फायबरचा काय संबंध, आणि वर फायबर म्हणजे काय ते पाच मिनिटं समजावून सांगितलं.

मग कस्टमर केअर. आमचं घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात, जुनी बिल्डिंग, तळमजला. मोबाइलला रेंज नाही म्हणून फोन वायफाय कॉलिंगवर चालतात. वीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "सर, लाइनवर राहा आणि राऊटर बंद करून चालू करा." मी केला बंद. अर्थातच फोन कट. पुन्हा वीस मिनिटं सनई. या वेळी दुसऱ्या बाई. मी आधीच सांगितलं, मॅडम, हा फोन त्याच राऊटरवर चालू आहे. "समजलं सर," त्या अगदी मायेने म्हणाल्या, "तर मग आता राऊटर बंद करा."

टेक्निशियन आला, तोही 'अकरा ते सहाच्या दरम्यान', म्हणजे माझी एक रजा गेली. दोनदा आला, दोन रजा. पोरगा चांगला होता. त्याने सिग्नल मोजायचा मीटर लावला, मायनस १९ आलं, "सर, लाइन एकदम मक्खन" म्हणाला आणि गेला. तो बिल्डिंगच्या गेटमधून बाहेर पडायच्या आत मला मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी सोडवली? कधी? सकाळी अकराला लाइन मक्खनच असते, मला रविवारी रात्रीची हवीये! पण ते लिहायला त्यांच्या अॅपमध्ये जागाच नाही, पाच चांदण्या आहेत फक्त.

तर पाचवा रविवार. आठ-अकरा. 'आ'. थिजलो.

एरवी नेट गेलं की माझा एक ठरलेला क्रम असतो, आधी चिडून खिडकी उघडायची आणि पंखा लावायचा, कारण लाइव्हमध्ये माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, आणि मे महिना. मग राऊटर रिस्टार्ट. तीन-चार मिनिटांनी नेट यायचं. पण त्या दिवशी खुर्चीतून उठतोय तोवर बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरचे काका. लेंगा, बनियन, हातात टॉर्च. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत. त्यांची नात माझ्याकडे शिकते, तिने वर सांगितलं, "आजोबा, सरांचं तोंड उघडंच राहिलंय," आणि काका निघाले.

"डायल टोन आहे का?" उंबऱ्यातूनच विचारलं.

"काका, याला डायल टोन नसतो."

"मग लाइन जिवंत आहे हे तुला कळतं कसं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये.

काका आत येऊन सोफ्यावर बसले, पेटी बाजूला सरकवून. "ओल धरली असणार जॉइंटला."

"काका, मे आहे. कुठली ओल?"

"समुद्र आहे ना!"

विक्रोळीला. मी म्हटलं, काका, यात तांब्याची तारच नाही, काच असते, केसासारखी बारीक, तिच्यातून प्रकाश जातो. काकांनी टॉर्च खिडकीपाशी लोंबणाऱ्या केबलवर मारला. बराच वेळ बघत राहिले. मग अतिशय शांतपणे म्हणाले,

"प्रकाश जातो म्हणतोस. मग केबल काळी का घेतलीस?"

मी म्हटलं मी नाही घेतली, ते लोक लावतात. "म्हणजे तू बघितलं नाहीस लावताना." नाही बघितलं. "आमच्या वेळी माणूस पोलवर चढला की आम्ही खाली उभे असायचो." मग एक टेलिफोन मिळायला लोकांना कशी वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची ते आलं, एका नटाने त्यांना घरी बोलावून कसा स्वतःच्या हाताने चहा दिला ते आलं, पावसाळ्यात रात्री दोनला चेंबरमध्ये उतरल्याचं आलं. तिकडे ४१ माणसं माझं टाळू बघत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून हसत होती, आणि ती माझ्या बाजूने हसत नव्हती.

"पिन उलटी लाव," काका उठले.

"त्याने काही होत नाही."

"लाव तर."

राऊटर माळ्याच्या फळीवर पडद्यामागे आहे. स्टुलावर चढलो, काकांनी खालून टॉर्च धरला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा तो दिसला. एल-ओ-एस. लाल, फडफडणारा. पाच आठवडे मी चौकोन बघत होतो, काळ्या खिडक्या बघत होतो, हा दिवा एकदाही बघितला नव्हता, कारण माझी पाठ तिकडे. लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे प्रकाशच घरात पोचत नाहीये. मी पिन काढली, उलटी लावली, दिवे एकेक करत लागले, लाल तसाच. मी विजयी मुद्रेने खाली बघितलं.

"आधी ती खिडकी उघड रे, जीव गुदमरतोय," काका म्हणाले आणि त्यांनीच ती सरकवली.

लाल विझला. हिरवा लागला.

"बघ. पिन."

"काका, पिन नाही! खिडकी!" मी स्टुलावरून ओरडलो, उतरलो, खिडकी बंद केली, लाल, उघडली, हिरवा, बंद, लाल. केबल स्लायडिंगच्या पट्टीतून आत आलीये, कारण बसवणाऱ्याला भिंतीला भोक पाडायचा कंटाळा. काच वाकली की प्रकाश बाहेर निसटतो, तेवढंच. पूर्वी आमची खिडकी पाऊणच लागायची म्हणून काही नाही झालं. एप्रिलमध्ये तिचं रोलर बदललं. नीट बंद व्हावी म्हणून पाचशे रुपये मोजून. तेव्हापासून ती कडेपर्यंत जाते आणि केबलचा गळा दाबते. आणि मी ती बंद करतो कधी, तर लाइव्ह सुरू असताना, आठ-दहाच्या सुमाराला, बाहेर घंटा वाजली की. कुल्फीवाल्याची.

बायको काही बोलली नाही. आत गेली. भांड्यांचा आवाज मात्र नेहमीपेक्षा सुरेल येत होता.

"मग मी काय म्हणत होतो," काका म्हणाले, "सिग्नलला हवा लागतेच."

"काका, सिग्नलचा हवेशी काही संबंध नाही. तो केबलमधून येतो."

"केबल कुठून येते?"

"खिडकीतून."

काकांनी हात पसरले.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज, 'तळमजल्यावरील नेटचा बिघाड काढून दिला आहे. कोणास अडचण असल्यास संपर्क साधावा, ७ ते ९.' खाली सव्वीस अंगठे. एक माझ्या आईचा.

मंगळवारी तिसरी रजा टाकून टेक्निशियनला बोलावलं. खिडकी बंद करून मीटर दाखवला, मायनस २९. मायनस २७च्या खाली गेलं की त्या डब्याला काही दिसत नाही, हे त्यानेच सांगितलं. म्हटलं, मग आता? तो म्हणाला, "सर, तो खिड़की मत बंद करो ना." भिंतीला भोक पाडून केबल वेगळी आणायची तर चार्ज लागेल आणि सोसायटीची परवानगी. सेक्रेटरीकडे गेलो तर म्हणाले, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, आता कसलं भोक पाडता. ही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार हे मी मुंजीच्या आधीपासून ऐकतोय. माझी मुंज झाली, लग्न झालं, केस गेले, बिल्डिंग आहे तिथेच आहे आणि भोक पाडायला मनाई. चार इंचांचं सुद्धा नाही हो, बोटाएवढं भोक!

तर आता मी खिडकी उघडी ठेवून शिकवतो. काल तासभर लाइव्ह चाललं, ड्रॉप्ड फ्रेम्स शून्य. फक्त भूपाच्या मध्येच 'मलाई, पिस्ता' ऐकू येतं आणि एकाने चॅटमध्ये पिस्ता केवढ्याला विचारलं.

आणि आज सकाळी तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी नेट गेलं. पिंग मला येतं, हे या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहितीये, मी स्वतः सांगितलंय. त्यांनी काकांना बोलावलं. काका टॉर्च घेऊन गेले, हॉलची खिडकी उघडली, आणि नेट आलं.

त्यांची केबल तर दारातून येते.