तीन मिनिटं आणि अडीच एकर

"बाबा, ह्यांना गोल्फचा नाद लागलाय," असं मुलगी फोनवर म्हणाली तेव्हा मी हसलो. तिथेच चुकलं.

सांगलीत नाद म्हणजे काही नवल नाही. कुणाला कुस्तीचा, कुणाला बैलगाडी शर्यतीचा, आमच्या थोरल्या बंधूंना नाटकाचा. पण या नादांत बघणाऱ्याला निदान काहीतरी दिसतं. गोल्फमध्ये दिसते ती खेळणाऱ्याची पाठ. चेंडू कुठे गेला ते त्यालाही दिसत नाही.

दिवाळीला बेंगळुरूहून गाडी आली. डिकीतून आधी काठ्यांची पिशवी उतरली, मग नातू, मग मुलगी. नियमाप्रमाणे पिशवीत चौदापर्यंत काठ्या चालतात, जावईबापूंनी एकही कमी आणली नव्हती. माझ्याकडे शेतीची अवजारंही एवढी नाहीत.

संध्याकाळी हिची मालिका बंद झाली आणि टीव्हीवर जगभरची गोल्फची मैदानं सुरू झाली. जावईबापू यातल्या एकाही ठिकाणी गेलेले नाहीत, पण माहिती अशी देत होते, की जणू सातबारा यांच्याच नावावर आहे.

"मामा, हे स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज. आधी इथे बावीस होलची फेरी असायची, 1764 साली अठरा झाली. पुढे हळूहळू जगात अठराच रूढ झाली."

तिथलं जुनं मैदान रविवारी खेळाला बंद असतं आणि गावकरी त्यावर कुत्री घेऊन फिरतात, हे ऐकून बरं वाटलं. आपल्या आमराईसारखंच की. त्याच स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात, 1457 साली, गोल्फवर बंदी आली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसायचे. राजा मनातला निघाला. त्याच्यासाठी मी भडंगाची वाटी पुन्हा भरून घेतली.

मग ऑस्ट्रेलिया. तिथे नलरबॉर नावाच्या माळरानावर 1365 किलोमीटर लांबीचं एकच मैदान आहे. अठरा होल वाटेवरच्या गावांत आणि पेट्रोल पंपांपाशी विखुरलेले. सांगलीहून सुरुवात केली तर भोपाळही मागे पडेल. (रस्त्यातल्या खड्ड्यांचा विनोद मी करणार नाही. आमच्याकडे तो विनोद राहिलेला नाही.) त्याच देशात कूबर पेडी हे ओपलच्या खाणींचं गाव. तिथल्या मैदानावर गवताची काडी नाही. खेळणारा हिरवळीचा एक तुकडा हातात घेऊन फिरतो, तो खाली ठेवायचा, त्यावर चेंडू, मग फटका. उन्हामुळे रात्री चकाकणाऱ्या चेंडूंनीही खेळतात.

खरं सांगतो, हे मला आवडलं. खेळ नव्हे, ती माणसं. हौसेला गवतसुद्धा लागत नाही म्हणजे काय!

ही आवड माझ्या चेहऱ्यावर दिसली असावी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रानात उभे होतो. जावईबापूंच्या हातात हिचं दारातलं हिरवं प्लॅस्टिकचं पायपुसणं होतं.

नांगरट केलेल्या तुकड्यात पायपुसणं अंथरलं. त्यावर चेंडू. जावईबापू पाच मिनिटं नुसते कंबर हलवत होते. मग 'टक्' असा आवाज आला आणि चेंडू बांध ओलांडून उसात गेला. अडीच एकर ऊस, दोन पुरुष उंच.

"मामा, नियमाने शोधायला तीनच मिनिटं मिळतात. 2019 पासून. आधी पाच मिळायची."

तीन मिनिटांत मी चपला काढून पायात बूट घालतो. उसात शिरलो तर पाल्याने हात कापले, कानात कूस गेली, आणि ज्या सरीत शिरलो ती सरी कुठली हेही कळेना. मागून जावईबापू धीर देत होते, "दक्षिण आफ्रिकेत स्कुकुझाला मैदानाला कुंपणच नाही मामा. क्रूगरचं जंगल सरळ आत येतं. तळ्यात पाणघोडे असतात."

आमच्या जिल्ह्यात उसात बिबट्या निघतो, हे त्यांना बेंगळुरूत कुणी सांगितलेलं नसावं. मीही त्या क्षणी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर सांगितलं. काठ्या तिथेच टाकून ते गाडीत जाऊन बसले. तेरा मीच उचलल्या. चौदावी त्यांच्या हातात घट्ट होती.

माघात तोड आली. टोळीतला एक पोरगा पांढरी गोळी घेऊन आला. "मालक, ह्ये कसलं अंडं? कोयत्यानं फुटंना."

मी लगेच बेंगळुरूला फोन लावला. जावईबापूंना आनंद झाला, पण तो चेंडू आता हरवलेलाच धरायचा, एका फटक्याचा दंड बसतो, असं ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मामा, तोड झाली म्हणजे रान मोकळं झालं असेल ना? यंदा खोडवा राखू नका. नऊ तरी होल बसतील."

फोन स्पीकरवर होता. ही उठली आणि दारातलं पायपुसणं आत नेऊन ठेवलं.